अचानक निघायचं असेल तर आधी विमानतळ ठरवा, शहर मागाहून

प्रश्न थोडक्यात असा आहे. पांढरकवड्याजवळच्या गावात तुमचं कृषी केंद्र आहे. हंगाम उतरला की मध्येच चार-पाच दिवसांची सवड मिळते, पण ती मिळणार हे जेमतेम पंधरा दिवस आधी कळतं. 45 हजारांच्या आत, एकट्यानं, परदेशातलं एखादं शहर बघून यायचंय. घरचे म्हणतात, एकट्यानं कशाला? आणि तुम्ही विचारता, कुठलं शहर स्वस्त पडेल?

शहराकडे येतोच, पण खरी अडचण शहराची नाही. गावाकडून निघणाऱ्याचं बजेट बँकॉक किंवा क्वालालंपूरमध्ये सहसा कोलमडत नाही, ते घर ते विमानतळ या पट्ट्यात कोलमडतं. मुंबईच्या माणसाला विमानतळ तासाभरावर असतं. तुम्हाला साडेतीनशे किलोमीटरच्या आत-बाहेर जायचं, त्यात एक दिवस मोडायचा, आणि बस रस्त्यात अडकली तर सगळं तिकीट पाण्यात. म्हणून कोणाचाही प्रवास आखून देताना मी क्रम उलटा ठेवतो. आधी विमानतळ, मग तिथून थेट विमान असलेली शहरं, त्यातून व्हिसाची खटपट नसलेली, आणि उरलेल्यांत ज्याचं भाडं त्या आठवड्यात कमी असेल ते.

विदर्भातल्या सगळ्यांना एकच विमानतळ सोयीचं नसतं. बुलडाणा, अकोला, वाशीम आणि अमरावतीकडच्यांनी मुंबई धरावी. मलकापूर, शेगाव, अकोला, बडनेरा इथून रात्रीच्या गाडीनं सकाळी मुंबई येते. गोंदिया-भंडाऱ्याकडच्यांना हावड्याची लाइन दारातून जाते, त्यामुळे त्यांनी कोलकात्याचे दरही बघावेत. तिथून बँकॉक विमानानं अडीच तासांच्या आसपास आहे. चंद्रपूर, गडचिरोली, वणी, पांढरकवडा, हिंगणघाट या पट्ट्याला हैदराबाद जवळ. तेलंगणा एक्सप्रेस नागपूर-बल्लारशावरूनच हैदराबादला जाते, आणि तुमच्या गावाजवळून तर 44 नंबरचा महामार्ग थेट तिथंच उतरतो. नागपूरच्या विमानतळावरून जी थोडी आंतरराष्ट्रीय विमानं सुटतात ती आखाताकडची, तुमच्या हेतूला ती कामाची नाहीत.

म्हणजे तुमच्यासाठी हैदराबाद. तिथून क्वालालंपूर, बँकॉक, सिंगापूर, कोलंबो, दुबई इथं थेट विमानं आहेत. सिंगापूर आणि दुबईला आधी व्हिसा काढावा लागतो, शिवाय राहण्याचा खर्चही जास्त. पहिल्या एकट्या प्रवासाला मी क्वालालंपूर सांगेन. मलेशियानं 1 डिसेंबर 2023 पासून भारतीयांना 30 दिवसांपर्यंत व्हिसा माफ केलाय आणि ही सवलत 31 डिसेंबर 2026 पर्यंत वाढवलेली आहे. शहरात तमिळ वस्ती मोठी असल्यानं जेवणाचे हाल होत नाहीत, इंग्रजी बऱ्यापैकी चालते आणि विमान चार तासांत पोचवतं. त्या आठवड्यात बँकॉकचं तिकीट पाच-सहा हजारांनी कमी दिसलं तर बँकॉक घ्या. शहरावर अडून बसलं की अचानक निघणाऱ्याला महागच पडतं. मात्र व्हिसाचे नियम मध्येच बदलतात, म्हणून पैसे भरण्याच्या दिवशी त्या देशाच्या सरकारी साइटवर एकदा नजर टाका.

आता ‘अचानक’ या शब्दाबद्दल. निघायची तारीख तेवढी अचानक ठरू शकते, कागद नाही. पासपोर्ट नसेल तर आजच अर्ज करा. 36 पानांच्या साध्या पासपोर्टची फी 1,500 रुपये, तत्काळला वर 2,000. नागपूरला पासपोर्ट सेवा केंद्र आहेच, बऱ्याच जिल्ह्यांच्या ठिकाणी मुख्य पोस्टातही ही सोय झाली आहे. अर्जावर तोच पत्ता टाका जिथं तुम्ही खरोखर राहता. आधार पुण्याचं आणि राहणं गावात असलं की पोलीस पडताळणी तिथंच लटकते. दहावी पास असाल तर सनद जोडायला विसरू नका. ती नसली की पासपोर्टवर ‘ईसीआर’चा, म्हणजे कामासाठी देश सोडण्याआधी सरकारी तपासणी हवी असा, शेरा येतो. हा नियम नोकरीसाठी जाणाऱ्यांचा आहे, पर्यटकाला अडवण्यासाठी नाही, पण ज्या 18 देशांसाठी ही तपासणी लागते त्यांच्या यादीत मलेशिया आणि थायलंड असल्यानं काउंटरवर चौकशी वाढते. पासपोर्ट आधीच असेल तर मुदत बघा. देशात शिरायच्या दिवशी किमान सहा महिने शिल्लक हवेत. जिल्हा परिषदेच्या शाळेत किंवा सरकारी खात्यात असलेल्या वाचकांनी परदेशी जाण्याची परवानगी आधी काढून ठेवावी, ती आठवड्यात हातात पडत नाही.

तिकिटावरचं नाव ही पुढची जागा, आणि इथं महाराष्ट्रातल्या माणसाची चूक ठरलेली असते. पासपोर्ट उघडा. ‘सरनेम’च्या रकान्यात आडनाव असतं, आणि ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात बहुतेकांचं स्वतःचं नाव आणि वडिलांचं नाव दोन्ही असतात. विमान कंपनीच्या फॉर्ममध्ये माणूस सवयीनं फक्त स्वतःचं नाव आणि आडनाव भरतो. काउंटरवरचा माणूस सोडून देईलही, पण नाही सोडलं तर नाव दुरुस्तीचे पैसे मोजायचे किंवा नवं तिकीट. पहिल्या नावाच्या रकान्यात दोन्ही नावं, शेवटच्या नावात आडनाव, स्पेलिंग पासपोर्टवर आहे तेच. आधारवरचं नाही, बँकेतलं नाही.

दुसरी चूक तारखेची, आणि ती याहून महागात पडते. या बाजूची बरीच विमानं रात्री उशिरा किंवा मध्यरात्रीनंतर सुटतात. समजा तिकिटावर ‘14 मार्च, 00:25’ लिहिलंय. म्हणजे 13 तारखेची रात्र संपून पंचवीस मिनिटं झालेली असतात. तुम्हाला 13 तारखेला सकाळी घर सोडायचंय आणि 13 च्या रात्री नऊपर्यंत विमानतळावर हजर राहायचंय. 14 च्या रात्री पोचलेल्या माणसाचं विमान आदल्या रात्रीच उडून गेलेलं असतं, आणि स्वस्त तिकिटाचं मूळ भाडं परत येत नाही. तिकीट हाती आलं की त्यावर पेनानं लिहून ठेवा: घरून निघायचं, अमुक वार, अमुक वाजता.

भाड्याचं गणित सांगतो. पंधरा दिवस आधी बघितलं तर हैदराबाद-क्वालालंपूर जाऊन-येऊन साधारण 15 ते 22 हजारांत बसतं. मी 20 हजारांवर रेघ मारून ठेवतो, त्याच्या वर भाव दिसला की तारीख दोन दिवस सरकवतो. मंगळवार-बुधवारी निघून शनिवारी परत, असं बहुधा स्वस्त पडतं. चिनी नववर्ष, ईद आणि दिवाळीच्या सुट्ट्या टाळा. जाण्या-येण्याचं एकाच बुकिंगमध्ये काढा. दोन वेगळ्या कंपन्यांची वेगवेगळी तिकिटं जोडून हजार-दोन हजार वाचतात, पण पहिलं विमान उशिरा आलं तर दुसऱ्या कंपनीचा त्याच्याशी काही संबंध नसतो. सामानाचे पैसे भरू नका, चार दिवसांना 7 किलोंची हातातली बॅग पुरते. सीट निवडणं, विमानातलं जेवण, तिकीट काढताना आपोआप टिक झालेला विमा, या खुणा एकेक काढत गेलात तर दीड-दोन हजार तिथंच वाचतात. विमा मात्र वेगळा, स्वतः बघून घ्या. पाच दिवसांचा पाचशे रुपयांच्या आसपास मिळतो, आणि दवाखान्यात भरती व्हावं लागलं तर तो नसणं परवडत नाही.

पांढरकवड्याहून सकाळी सहा-सातची हैदराबादकडची बस धरा, थेट नसेल तर आदिलाबादला बदला. दुपारी तीन-चारपर्यंत सिकंदराबादच्या जेबीएसला (जुबिली बस स्थानकाला) उतराल. विमानतळ शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, शमशाबादला आहे, आणि तिथं जायला तेलंगणा एसटीच्या ‘पुष्पक’ बसा आहेत. बस पोचण्याची वेळ आणि विमान सुटण्याची वेळ यांत आठ तास हवेत. हे जास्त वाटतील. पण त्यातले तीन तास विमानतळावरच जातात, दीड-दोन तास शहर ओलांडण्यात, आणि उरलेले पंक्चर, घाट आणि ट्रॅफिकचे. विमान कंपनीचा काउंटर साधारणपणे सुटण्याच्या एक तास आधी बंद होतो, मग हातापाया पडूनही उघडत नाही.

तिथं पोचण्याआधीच्या तीन दिवसांत मलेशियाचं डिजिटल अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरायचं असतं. ते फुकट आहे. सारख्या दिसणाऱ्या साइटी पैसे मागतात, तिथं पैसे मागितले म्हणजे साइट चुकीची असं समजा.

पहिल्यांदा, एकटा, तरुण आणि गावाकडचा पत्ता, असा पासपोर्ट दिसला की आपल्याकडचा इमिग्रेशन अधिकारी प्रश्न विचारतोच. याला कारण आहे. नोकरीच्या आमिषानं पोरांना थायलंडमार्गे म्यानमारला नेऊन ऑनलाइन फसवणुकीच्या धंद्याला जुंपल्याची प्रकरणं बरीच झाली आहेत. तेव्हा राग मानू नका, कागद दाखवा: परतीचं तिकीट, राहण्याचं बुकिंग, तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट, दुकानाचा परवाना किंवा उद्यम नोंदणी, आयकर भरत असाल तर त्याची प्रत. नोकरी करणाऱ्यानं रजेचं पत्र. शेती करणाऱ्यानं बँक स्टेटमेंट आणि सातबारा. सगळं छापलेलं, एका फायलीत. मोबाइलवर आहे म्हणून गेलात आणि तिथं नेट नाही मिळालं की घाम फुटतो. किती दिवस, कुठं राहणार, काय बघणार, याची उत्तरं लहान आणि खरी द्या. उतरल्यावर मलेशियाच्या काउंटरवरही हेच विचारतात, आणि तिथं समाधान झालं नाही तर ते परत पाठवू शकतात.

बॅगेत काय नको, हे आधी. खर्रा, गुटखा, तंबाखू घरी ठेवा. सिंगापुरात तर चघळायची तंबाखू नेणंच बेकायदा आहे, आणि इतर ठिकाणीही पन्नीत बांधलेला तो काळपट भुगा काय आहे हे कस्टमच्या माणसाला समजावत बसणं कोणाच्या हिताचं नाही. घरचा सावजी मसाला नको, त्यात खसखस असते आणि दुबई, सिंगापूरसारख्या ठिकाणी खसखशीवर बंदी आहे. सुकं खोबरं विमानात चालत नाही, तेलातलं लोणचं हातातल्या बॅगेत अडवतात. दशम्या, चिवडा, शेंगदाण्याचे लाडू, खोबरं न घातलेली जवसाची चटणी, एवढं पहिल्या दिवसाला पुष्कळ. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच. द्रव पदार्थ 100 मिलिलिटरच्या बाटलीत. गोळ्या पाकिटासकट, चिठ्ठीसोबत. आणि कोणी कितीही ओळखीचा असो, त्यानं दिलेलं पार्सल न्यायचं नाही. अमली पदार्थांच्या बाबतीत मलेशियाचा कायदा फाशीपर्यंत जातो.

पैशांचं. कार्डाचा परदेशी वापर मुळात बंदच असतो, बँकेच्या ॲपमध्ये जाऊन तो चालू करावा लागतो. हे घरूनच करा. जिल्हा बँकेचं किंवा पतसंस्थेचं कार्ड तिकडे चालेल असं धरून चालू नका. बहुतेक कार्डांवर परकीय चलनाचा आकार साडेतीन टक्क्यांच्या आसपास पडतो. तिथल्या साधारण 16 हजारांच्या खर्चावर तो 560 रुपये होतो, तेवढ्यानं काही बिघडत नाही. बिघडतं ते पुढे. हॉटेलात कार्ड लावलं की मशीनच्या पडद्यावर दोन आकडे येतात, एक रिंगिटमध्ये (मलेशियाच्या चलनात), दुसरा चक्क रुपयांत. रुपये ओळखीचे म्हणून बोट तिकडे जातं. पण त्या आकड्यात दुकानाकडच्या मशीनवाल्यानं स्वतःच्या मर्जीचा दर लावलेला असतो. दर वेळी रिंगिट निवडा. एटीएमवरही ‘कन्व्हर्जन’ विचारलं तर नकोच म्हणा. सोबत दहा-बारा हजारांच्या पाचशेच्या नोटा ठेवा. 25 हजारांपर्यंत भारतीय नोटा नेता येतात आणि क्वालालंपूरच्या ब्रिकफिल्ड्स भागात त्या सहज बदलून मिळतात. विमानतळावरचा भाव पडेल असतो, तिथं बदलू नका. तुमचं भारतातलं सिम फोनमधून काढू नका आणि निघण्याआधी रोमिंग चालू करा, नाहीतर बँकेचा ओटीपी येणार नाही. नेटसाठी तिथलं सिम दुसऱ्या खाचेत.

तिथला खर्च रिंगिटमध्ये मांडतो, एक रिंगिट साडेबावीस रुपये धरा. तीन रात्रींची साधी एकट्याची खोली 330, परदेशी पाहुण्यांचा पर्यटन कर दर रात्री 10 प्रमाणे 30, चार दिवसांचं खाणं 180, लोकल गाड्या 48, विमानतळ ते शहर बसनं जाऊन-येऊन 30, प्रवेश तिकिटं आणि किरकोळ 100. बेरीज 718, म्हणजे 16 हजारांच्या थोडं वर. विमान 18 हजार, हैदराबादची ये-जा अडीच हजार, परतताना एका रात्रीचा लॉज 1,200, विमा आणि सिम मिळून हजार. एकूण 38,850 च्या आसपास. उरलेले सहा हजार खर्चासाठी नाहीत, विमान चुकलं किंवा पाकीट गेलं तर त्यासाठी आहेत. ते वेगळ्या खात्यात आणि वेगळ्या कार्डावर ठेवा. डॉर्मिटरीत राहिलात तर अजून वाचेल, पण पहिल्या प्रवासाला दाराला कडी असलेली खोली घ्यावी असं माझं मत. चार दिवसांत एकदा नीट झोप झाली नाही की पुढची सगळी गणितं चुकतात.

खोली केएल सेंट्रल (क्वालालंपूरचं मुख्य रेल्वे स्थानक) किंवा पसार सेनी स्टेशनच्या चालण्याच्या अंतरात बघा. विमानतळावरून केएल सेंट्रलला जलद रेल्वे अर्ध्या तासात नेते, तिचे 55 रिंगिट, बस तासाभरात 15 मध्ये. घाई कसली, बसनं जा. विमान पहाटे उतरतं आणि खोली दुपारी दोन-तीनला मिळते, म्हणून बॅग हॉटेलात ठेवून बाहेर पडायचं. केएल सेंट्रलवरून एलआरटी (शहरातली मेट्रोसारखी रेल्वे) धरली की पसार सेनी, मग मस्जिद जामेक, आणि आणखी तीन स्टेशनांवर केएलसीसी, म्हणजे 88 मजली पेट्रोनास टॉवर. वर जायचं तिकीट महाग आहे. खालच्या बागेतून रात्री दिसणारं दृश्य फुकट आहे आणि तेच जास्त देखणं. मस्जिद जामेकजवळ क्लांग आणि गोम्बाक नद्यांचा संगम आहे, शहर तिथूनच वाढलं. बटू केव्हजला, म्हणजे डोंगरातल्या गुहेतल्या मुरुगनच्या मंदिराला, केएल सेंट्रलवरून लोकल थेट जाते. 272 पायऱ्या आहेत, सकाळी नऊच्या आत चढा, कारण इथं बाराही महिने उकाडा आणि दुपारनंतर पाऊस. गुडघे झाकणारे कपडे घाला आणि हातात खाण्याची पिशवी ठेवू नका, माकडं हिसकावतात.

शाकाहारी असाल तर ब्रिकफिल्ड्समध्ये केळीच्या पानावरचं जेवण बारा-पंधरा रिंगिटला मिळतं. रोटी चनाई म्हणजे आपल्या पराठ्याची चुलत बहीण, दोन-तीन रिंगिट. मलय पदार्थ मात्र भाजीचे दिसले तरी विचारून घ्या. ‘बेलाचान’ म्हणजे झिंग्याची पेस्ट, ती चटणीतही असते, आणि नासी लमाकच्या भातावर सुकी मासोळी येते.

घरच्यांच्या काळजीचं उत्तर वाद घालून मिळत नाही. एका कागदावर विमानाचे नंबर, उतरण्याच्या वेळा, हॉटेलचा पत्ता आणि फोन, क्वालालंपूरमधल्या भारतीय उच्चायुक्तालयाचा नंबर लिहून तो भिंतीवर लावा. मलेशियाचं घड्याळ आपल्या अडीच तास पुढे आहे, हेही त्यावर लिहा, म्हणजे तुमचे रात्रीचे दहा वाजले तर आईला साडेसात कळतील. रोज एका ठरलेल्या वेळी एक फोन. पासपोर्टची एक छापील प्रत घरी, एक तुमच्या बॅगेत, एक मेलमध्ये. पासपोर्ट हरवला तर तिथल्या पोलिसात तक्रार आणि ती प्रत, या दोन गोष्टींवर उच्चायुक्तालय परतीचा कागद देतं.

परतीचं विमान रात्री दहा-अकराला हैदराबादला उतरणारं असेल तर त्याच रात्री आदिलाबादची बस गाठायचा नाद करू नका. इमिग्रेशनची रांग, मग शमशाबाद ते जेबीएस, तोवर एक वाजतो. लॉज विमानतळाजवळ घेऊ नका, जेबीएसजवळ घ्या, आणि सकाळच्या बसचं आरक्षण निघण्याआधीच करून ठेवा.